केदारताल (4750 मी) : 9 दिवसांत बसतो का?

मुरुमवाट
पुण्याहून चार जण, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. 5 रजा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून 9 दिवस हातात आहेत. चौघांचे सह्याद्रीत नियमित ट्रेक, दोघांचा हिमालयात 4000 मीटरपर्यंतचा अनुभव. उत्तराखंडातल्या गंगोत्रीपासून ताल (सरोवर) एका बाजूने 17-18 किमी दिसतो. म्हणून गंगोत्री ते केदारखरक (वाटेतला वरचा मुक्काम) एका दिवसात, दुसऱ्या दिवशी ताल करून भोजखरकला (खालचा मुक्काम) उतरायचं, असा विचार आहे. यात काय चुकतंय? परमिट, ओढा आणि ‘स्पायडर वॉल’बद्दलही नेमकी माहिती हवी.

कातळकडा
किलोमीटर बाजूला ठेवा, झोपायची उंची बघा. गंगोत्री साधारण 3100, भोजखरक 3780, केदारखरक 4270, ताल 4750. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. गंगोत्री-भोजखरक या एका टप्प्यातच 680 मीटर होतात, म्हणजे नियम तिथेच ताणला जातो. तुमच्या बेतात एका दिवसात 1170 मीटर होतायत. शिवाय आदल्या दिवशी गाडीने उत्तरकाशीहून (1150 मी) जवळजवळ दोन हजार मीटर चढून आलेले असाल.

दम आणि विरळ हवेची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंहगड तासाभरात चढणाऱ्याची फुफ्फुसं-पाय मजबूत असतात, पण शरीराला कमी ऑक्सिजनशी जुळवून घ्यायला लागणारे दिवस त्याने कमी होत नाहीत. उलट चांगल्या दमाची माणसं वेगात वर पोचतात आणि रात्री डोकं धरून बसतात. तालावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 56-57 टक्के असतो, तंदुरुस्त माणसालाही तेवढाच.

गंगोत्रीत दोन रात्री धराच. मधल्या दिवशी झोपून राहू नका. केदारतालच्याच वाटेने दोन-अडीच तास चढा, 3400-3500 ला तासभर बसा, खाली येऊन झोपा. परमिट आधी हातात असेल तरच हे जमेल.

औषधीपेटी
वैद्यकीय बाजू लिहिते. या वाटेवर एक अडचण आहे, तिचा विचार सहसा कोणी करत नाही.

विरळ हवेचा त्रास वाढला तर खरा उपचार एकच, खाली उतरणं. पण केदारखरकहून खाली यायच्या वाटेत दगड पडणारी घसरण आहे आणि ओढा आहे. दोन्ही ठिकाणं दुपारी वाईट असतात, रात्री तर ओलांडूच नयेत. म्हणजे संध्याकाळी 5 ला कोणाची तब्येत बिघडली तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तुम्ही अडकलात. म्हणून निर्णय केदारखरकला नाही, भोजखरकला घ्यायचा. तिथून गंगोत्री अर्ध्या दिवसावर आहे.

भोजखरकला संध्याकाळी आणि सकाळी प्रत्येकाला चार प्रश्न विचारा : डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, चक्कर आहे का, थकवा विश्रांतीने गेला का. डोकेदुखीबरोबर यातलं आणखी एखादं लक्षण असेल तर तो माणूस त्या दिवशी वर जाणार नाही. गोळी घेऊन डोकं थांबलं म्हणून वर नेऊ नका.

दोन लक्षणं दिसली तर चर्चा न करता उतरायचं. एक, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालताना तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं (मेंदूवर सूज). दोन, बसल्या जागी दम लागणं आणि खोकला (फुफ्फुसात पाणी). अशा माणसाला एकटं पाठवायचं नाही. बरोबर एक धडधाकट माणूस हवाच.

ॲसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, हा नेहमीचा डोस. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि घरीच एक दिवस घेऊन बघा. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, हे अपेक्षित आहे. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेसाठी) आणि निफेडिपिन (फुफ्फुसातल्या पाण्यासाठी) पेटीत असावीत, पण कधी, किती द्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ही औषधं उतरायला वेळ मिळवून देतात. ती देऊन वर जायचं नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटांवर ते चुकीचा आकडा दाखवतं. आधी हात गरम करा, मिनिटभर थांबा. आकडा चांगला आणि माणूस आजारी असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

दगडलगोरी
वाटेचं सांगतो. अवघड जागा तीन आहेत आणि तिघींच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. सगळा बेत त्या वेळांवर बसवावा लागतो.

पहिली स्पायडर वॉल, भोजखरकच्या थोडी अलीकडे. उतरत्या कातळावरून आडवं जायचं आहे, पाय ठेवायला अरुंद जागा, खाली केदारगंगेची दरी. चढाई म्हणून फार कठीण नाही. कळसूबाईच्या शिड्यांना सरावलेल्याला नाही, पण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचे आडवे टप्पे केलेल्याला ओळखीची वाटेल. दृष्टीभय (खालची दरी बघून वाटणारी भीती) मात्र आहे आणि पाठीवर 12-14 किलो असतात. कोरड्या कातळावर पकड चांगली मिळते. ऑक्टोबरात रात्री झिरपलेलं पाणी गोठतं आणि सकाळी कातळावर पातळ काच धरते, ती दिसत नाही. त्यामुळे ही जागा ऊन पडल्यावर ओलांडायची.

दुसरी, भोजखरक ते केदारखरकमधली घसरण. वरचा उतार म्हणजे मातीत रुतलेले सुटे दगड. रात्री त्यांच्यामधलं पाणी गोठून दगड जागेवर धरून ठेवतं. ऊन लागलं की ते वितळतं आणि दगड सुटतात, म्हणून ही जागा ऊन पडायच्या आत ओलांडायची. एकेकाने जायचं, मागच्याने वर बघत राहायचं, मधे फोटो नाही, पाणी पिणं नाही. जोराचा वारा किंवा भरलांचा (हिमालयातल्या निळ्या मेंढ्यांचा) कळप वर असेल तर तेही दगड सोडतात.

तिसरी जागा म्हणजे ओढा. वरचा बर्फ दिवसभर वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर पोचतं. सकाळी घोट्याएवढा दिसलेला ओढा दुपारी 3 ला मांडीपर्यंत येऊ शकतो. पहाटे पाणी कमी, पण दगडांवर बर्फाचा थर असतो, म्हणून उड्या मारत जायचा मोह टाळा. पट्ट्याचे सँडल घालून पाण्यातूनच जा. अनवाणी नाही, बोटं बधिर झाली की पाय कुठे पडतोय ते कळत नाही. सॅकचा कमरपट्टा सोडलेला, तोंड प्रवाहाकडे, काठीचा तिसरा पाय, एका वेळी एकच पाऊल. पलीकडे गेल्यावर लगेच पाय पुसून कोरडे मोजे.

मुरुमवाट
दगडलगोरी, हे फार उपयोगी आहे. मग तालाहून परतताना त्याच दिवशी भोजखरकला येणं बसत नाही, बरोबर?

दगडलगोरी
नाहीच. केदारखरक ते ताल 5 किमी, जायला 4 ते 5 तास, यायला 3. पहाटे 4 ला निघालात तरी केदारखरकला परत दुपारी 1-2. पुढे निघालात की घसरणीखालून नेमक्या तिच्या वाईट वेळेला जाल. त्यामुळे केदारखरकला दुसरी रात्र काढायची आणि तिथून थेट गंगोत्री. सकाळी साडेसहाला निघालं की घसरण सावलीत पार होते, भोजखरकला चहा-नाश्ता, आणि स्पायडर वॉलपर्यंत 10-11 वाजतात, कातळ कोरडा झालेला असतो. दोन्ही वेळा आपोआप जुळतात. संध्याकाळपर्यंत गंगोत्री.

शेवटच्या टप्प्याबद्दल. केदारखरकच्या पुढे वाट अशी नाही, मोरेन आहे. हिमनदीने ढकलत आणलेले फ्रिजएवढे धोंडे आणि त्यांच्यामधे बारीक भुगा. याच दगडांच्या बांधामागे बर्फवितळीचं पाणी अडून ताल झाला आहे आणि त्यातूनच केदारगंगा निघते. मोठा धोंडा हलणार नाही असं गृहीत धरू नका. पूर्ण वजन टाकण्याआधी पायाने दाबून बघा. दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या दिसतात, पण दरवर्षी दगड सरकतात, त्यामुळे जुनी लगोरी कड्याच्या टोकालाही नेऊन सोडते. जीपीएसचा जुना ट्रॅकही इथे तंतोतंत पाळू नका. ‘हा माथा आला की ताल’ असं दोन-तीनदा वाटेल आणि पुढे आणखी एक माथा निघेल.

परतायची वेळ आधीच ठरवा : सकाळी 11. तेव्हा जिथे असाल तिथून मागे.

धुकंपहाट
फोटोसाठी तालावर मुक्काम केला तर? थलय सागर शिखराचं प्रतिबिंब पहाटेच मिळतं असं सगळे म्हणतात.

कातळकडा
वारा उठायच्या आत, म्हणजे साधारण 9 पर्यंत, पाणी शांत असतं. केदारखरकहून पहाटे 3-4 ला चांगल्या हेडलॅम्पसह निघून ते गाठता येतं, फक्त गाईडला मोरेनची रात्रीची वाट माहीत हवी. थलय सागर (6904 मी) तालाच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला त्याची उत्तरेची भिंत दिसते. तिच्यावर ऊन कमी येतं. उजेड आधी माथ्याच्या कडेला लागतो. शेजारचा भृगुपंथ (6772 मी) जास्त लवकर उजळतो, लेन्स त्याच्यासाठीही तयार ठेवा. थलय सागर 1979 ला पहिल्यांदा चढला गेला, आणि ही उत्तर भिंत आजही जगभरच्या गिर्यारोहकांना खेचून आणते. ती समोर उभी असताना तिथे राहावंसं वाटणं मला पूर्ण समजतं.

तरी मुक्काम नको. झोपायची उंची आणखी 480 मीटरने वाढते, उतरायची वाट आणखी लांब पडते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं : काठावर मातीच नाही, सगळा दगड. माणसाची घाण पुरायला जागा नाही आणि जे काही सांडेल ते थेट तालात, तिथून केदारगंगेत, तिथून गंगोत्रीला भागीरथीत.

भूर्जपान
याला अनुमोदन. हा गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे (स्थापना 1989, क्षेत्र 2390 चौ. किमी), हिमबिबट्याचा आणि भरलांचा प्रदेश. नियम कागदापुरते समजू नका.

शेकोटी कुठेच नाही. भोजखरकचं नावच भोजवृक्षांवरून (हिमालयी बर्च) आलं आहे आणि या उंचीवर हा जवळजवळ शेवटचा वृक्ष. झाड अतिशय सावकाश वाढतं. साल सोलून ‘आठवण’ म्हणून आणणारे लोक आहेत. बाहेरची साल गेली की आतला थर उघडा पडून झाड थंडीत मरतं. 1981 ला नंदादेवी सर करणाऱ्या हर्षवंती बिष्ट यांनी पुढे शेजारच्या खोऱ्यात, भोजबासला, भोजवृक्षांची लागवड हाती घेतली, ती याच तोडीमुळे उजाड झालेल्या जागेवर. तिथे एकेक रोप जगवायला किती वर्षं गेली याचा विचार करून सालीला हात लावा.

शौचासाठी भोजखरक आणि केदारखरकला पाण्यापासून 60-70 पावलं दूर, 15 सेंमी खोल खड्डा. छोटी खुरपी न्या. कागद पुरायचा नाही, तो झिप पिशवीत परत. थंडीत काहीच कुजत नाही, पुढच्या वर्षी तसाच वर येतो. केदारखरकच्या वर गेल्यावर सगळंच पिशवीत. साबण, डिशवॉश ओढ्यात नाही. भांडी कोरड्या मातीने घासा.

ड्रोनला परवानगीशिवाय मनाई. भरल दिसले तर जवळ जाऊ नका, ते पळतात ते नेमके सुट्या दगडांच्या उतारावर, आणि खाली तुमचेच लोक असतात.

चुलाणं
रसद आणि इंधन. यात चुका फार होतात.

केदारखरकला पाणी साधारण 86 अंशांना उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात तांदूळ बाहेरून लगदा, आतून कच्चा. डाळ तर शिजतच नाही. 3 लिटरचा कुकर न्या. शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर आणखी दाब चढवतं, आतलं पाणी 110 च्या वर जातं, मूगडाळ-खिचडी व्यवस्थित होते. रबर नवं टाका, थंडीत जुनं कडक होऊन वाफ सोडतं.

गॅस : लांब बाटलीतला स्वस्त गॅस निव्वळ ब्यूटेन असतो. शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही, स्टोव्ह पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला स्क्रूचा गोल डबा घ्या. चार जण, डोंगरात चार दिवस, माणशी रोज 60 ग्रॅम धरले तर 960 ग्रॅम, म्हणजे 230 ग्रॅमचे साधारण 4 डबे आणि एक जास्तीचा. रात्री डबा स्लीपिंग बॅगमधे. विमानात गॅस कुठल्याच सामानात चालत नाही, रेल्वेतही नाही. डेहराडून किंवा उत्तरकाशीत घ्यावा लागेल, दुकानाला आधी फोन करा. पॉवर बँक केबिन बॅगेतच.

जेवण साधं ठेवा. सकाळी उपमा किंवा पोह्यांचं घरी भाजून नेलेलं कोरडं मिश्रण, चालताना चिक्की, खजूर, गूळपोळी (चार-पाच दिवस छान टिकते), रात्री मऊ खिचडी किंवा मेतकूट-भात-तूप. उंचीवर भूक मरते, तिखट-तेलकट नको होतं. मेतकूट-भात मात्र जातो.

पाणी : ओढ्याच्या पाण्यात हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ असतं, तालाचा हिरवा-निळा रंगही त्याचाच. हे पीठ फिल्टर तासाभरात बंद करतं. रात्रभर भांड्यात निवळू द्या, वरचं पाणी काढा, मग गाळा किंवा उकळा. 86 अंशांवर उकळलेलं पाणीही निर्जंतुक होतं, 3 मिनिटं उकळी राहू द्या. क्लोरीनच्या गोळीला थंड पाण्यात दुप्पट वेळ द्या. फिल्टर एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून कळत नाही, म्हणून तोही झोपताना बरोबर. पहिल्या दिवशी गंगोत्रीतून प्रत्येकी 3 लिटर भरून निघा.

दगडलगोरी
साधनांमधे एवढं वाढवतो : हेल्मेट, प्रत्येकाला. घसरणीखाली आणि मोरेनवर डोक्यात. स्पायडर वॉलसाठी 30 मीटर रोप, दोन लांब स्लिंग (शिवलेले पट्ट्याचे फास), प्रत्येकी एक कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), आणि तो बांधता येणारा गाईड. मायक्रोस्पाइक्स (बर्फासाठी बुटांवर चढवायचे छोटे खिळे). स्लीपिंग बॅग उणे 10 च्या ‘कम्फर्ट’ आकड्याची. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ असतो, तो बघून घेऊ नका. खाली मॅट चांगली हवी, थंडी जमिनीतून येते. सुती कपडे घरीच. बूट घोट्यावर येणारे आणि निदान 60-70 किमी वापरलेले. सह्याद्रीत कातळावर चालणारे मऊ तळाचे बूट मोरेनच्या धारदार दगडांवर तळवे सोलतात.

गावगंगा
परमिट आणि रस्ता. परमिट वनविभागाच्या उत्तरकाशीतल्या गंगोत्री राष्ट्रीय उद्यान कार्यालयातून. ओळखपत्राच्या प्रती, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो तयार ठेवा, स्थानिक गाईड धराच. शनिवारी निघालात तर उत्तरकाशीत रविवार येतो आणि कार्यालय बंद. सोमवारपर्यंत थांबलात तर अख्खा बेत निदान एक दिवस सरकतो. स्थानिक एजन्सीमार्फत परमिट आधीच काढून ठेवा आणि निघण्यापूर्वी कागदाचा फोटो मागवून त्यावरची नावं-तारखा तपासा. गोमुखचं परमिट केदारतालला चालत नाही. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी, तीही करून ठेवा, वाटेत तपासतात.

डेहराडून-उत्तरकाशी सुमारे 145 किमी, उत्तरकाशी-गंगोत्री 100. आकडा लहान दिसतो, पण या रस्त्यावर दरड आली की तासांचा हिशोब राहत नाही. 5 ऑगस्ट 2025 ला खीरगंगेच्या पुराने धराली गाडलं गेलं, ते याच रस्त्यावर, हरसिलच्या पुढे. पावसाळ्यात हा ट्रेक धरूच नये. दुसऱ्या टोकाला, दिवाळीत अन्नकूटाला गंगोत्रीचं मंदिर बंद होतं, देवी खाली मुखबा गावी येते आणि त्यानंतर गंगोत्रीतली बहुतेक हॉटेलं-दुकानं मिटतात. तुमचा पंधरवडा त्यामधे चांगला बसतो.

गंगोत्रीच्या पुढे मोबाइलची रेंज धरू नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणं भारतात गुन्हा आहे, परदेशातून कोणी आणला असेल तरी नेऊ नका. गंगोत्रीत एका माणसाकडे परतायची तारीख लिहून ठेवा आणि ‘या वेळेपर्यंत आलो नाही तर 112 ला कळव’ असं स्पष्ट सांगा.

मुरुमवाट
सगळं धरून असं मांडलं :
शनि पुणे-डेहराडून विमान, पुढे उत्तरकाशी. रवि गंगोत्री. सोम गंगोत्री, सरावाची चढाई. मंगळ भोजखरक. बुध केदारखरक. गुरु ताल, परत केदारखरक. शुक्र गंगोत्री. शनि डेहराडून. रवि विमान.
9 दिवस झाले, पण राखीव शून्य.

कातळकडा
मांडणी बरोबर आहे, पण राखीव दिवस नसलेला गट चुकीच्या हवेत वर जातो, कारण थांबायला दिवसच नसतो. जून 2024 ला उत्तराखंडातल्याच सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात 9 ट्रेकर गेले, कर्नाटकातून आलेला गट होता. उंच जागी हवा फिरली की तासाभरात सगळं बदलतं. निदान एक रजा वाढवा. 2 ऑक्टोबरची सुट्टी आत येत असेल तर ती वापरा. विमानाचं परतीचं तिकीट सोमवार रात्रीचं काढा.

रजा वाढतच नसेल तर आजच ठरवा की केदारखरक हाच शेवट. किंवा त्याच नऊ दिवसांत भोजबास-गोमुख करा, वाट सोपी, दोन दिवस हातात राहतात. त्याचं परमिट वेगळं आणि दिवसाला 150 जणांचीच मर्यादा, म्हणून तेही आधीच.

औषधीपेटी
आणि राखीव दिवस कुठे वापरायचा तेही आत्ताच ठरवा. भोजखरकला कोणाला बरं नसेल तर तिथे दुसरी रात्र. तालावर जायला पुन्हा प्रयत्न म्हणून केदारखरकला तिसरी रात्र नको.

मुरुमवाट
चौघांशी बोललो. एक रजा वाढवली, परतीचं विमान सोमवार रात्री. परमिट स्थानिक गाईडमार्फत आधी. हेल्मेट आणि रोप इथून न्यावेत की तिथे भाड्याने?

दगडलगोरी
हेल्मेट इथून, डोक्याला नीट बसलेलं. रोप गाईडला आणायला सांगा, पण उत्तरकाशीतच पूर्ण उलगडून हाताने सरकवत तपासा. कुठे मऊ पडलेला, चपटा झालेला किंवा आवरण फाटलेला भाग लागला तर बदलून घ्या. शनिवारी संध्याकाळी पोचलात की लगेच करा, म्हणजे रविवारी निघायच्या आत दुसरा मिळवायला वेळ राहील.